प्रार्थनेचा विषय

चार महिन्यांपासून मंडळीतली माणसं वासंतीशी जरा जास्तच गोड बोलत होती. चर्चमध्ये ती शिरली की कोणीतरी उठून पंखा तिच्याकडे वळवायचं. जाता-येता खांद्यावर हात ठेवून बायका म्हणायच्या, "तुमच्यासाठी लई प्रार्थना करून राहिलो, बाई." वासंतीला वाटायचं, लोकांना आपल्या गुडघ्यांची दया येत असेल. आखाडा बाळापूरच्या बाजाराच्या टोकाला तिची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची, आणि उभं राहून राहून तिचे गुडघे गेलेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून तीही भोळेपणानं सांगायची, "करा बाबा, जरा फरक पडून राहिला." त्यावर समोरची बाई नजर चुकवून निघून जायची.

माणसं उगाच गोड होत नाहीत, हे खरं तर तिला कळायला हवं होतं. डब्याचं झाकण उघडायच्या आधी आत गहू आहे की ज्वारी हे सांगणारी बाई ती. पण आपल्याच माणसांच्या पोटात काय आहे, हे काही तिला सांगता आलं नाही. ज्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं डोळे मिटले, त्यांच्यावर एक डोळा उघडा ठेवायचा असतो, असं कोणी शिकवतही नाही.

चर्च म्हणजे नांदेड रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याचं एक लांबट घर. बावीस कुटुंबांची मंडळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका मेजावरची भाकर वाटून खायची. शहरातल्या चर्चांत म्हणे पांढऱ्या पातळ चकत्या देतात. इथं गव्हाची बिनमिठाची जाड पोळी भाजायचे आणि तिलाच भाकर म्हणायचे. ही भाकर भाजायचं काम नऊ वर्षं वासंतीकडे होतं, आणि त्याला एक अट होती. फार मागे दोन जावांनी एकमेकींचं तोंड न बघता मिळून भाकर भाजली, आणि ती अशी दगड झाली की एका म्हाताऱ्याचा उरलासुरला दात उपासनेतच पडला. त्यावरून तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, नियम घातला, की भाजणारीचं मन साफ पाहिजे. शनिवारी पाळक तिच्या दारी येणार आणि विचारणार, "कोणाविषयी मनात काही आहे का?" नाही म्हटलं तरच पीठ मळायचं. आहे म्हटलं तर काम दुसरीकडे जाणार, आणि समेट होईपर्यंत ती बाई प्रभूच्या मेजापाशीही येणार नाही. वासंतीनं नऊ वर्षांत एकदाही "आहे" म्हटलं नव्हतं. याचा तिला गर्व होता. गर्व हे पापच, पण एवढा एक देव चालवून घेत असेल असं ती धरून चालली होती.

लेकीचं लग्न मोडलं त्या महिन्यातसुद्धा तिनं "न्हाई" म्हटलं होतं. कारण लग्न कोणी मोडलं हेच कळलं नव्हतं. राग धरायचा तर कोणावर धरायचा?

तिची लेक संपदा. एकुलती एक. आठ वर्षांपूर्वी ती नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा परभणीच्या एका घरी तिचं जमलं. मुलगा शाळेवर मास्तर, घर विश्वासातलं, म्हणजे ख्रिस्तीच, माणसं नीट बोलणारी. साखरपुडा झाला आणि पंधराव्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. "मुलीला फिट येते हे तुम्ही लपवून ठेवलं," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काही नाही. संपदा जन्मात एकदाच चक्कर येऊन पडली होती, तीही उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपाशीपोटी, तीन तासांच्या उपासनेनंतर, तापलेल्या पत्र्याखाली. तेव्हा तिला उचलून पाणी पाजलं होतं मिराबाईनं.

मिराबाई म्हणजे वासंतीची मैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी. लग्न मोडलं तेव्हा आठ दिवस वासंतीच्या घरातली चूल तिनंच पेटवली. वर्षभरानं त्याच मास्तरानं मिराबाईच्या दिपाला मागणी घातली. मिराबाई रडत आली होती, "आमी न्हाई म्हणून राहिलो, वासंते, पण त्यायचा लई आग्रह हाय." तेव्हा वासंतीनंच तिचे डोळे पुसले. "दे पोरगी," ती म्हणाली, "त्या पोराचा काय दोष? कोणीतरी त्यायचे कान भरले." दिपाला पहिली हळद लावली ती वासंतीनंच.

आणि गेल्या जूनमध्ये मिराबाईचं नांदेडला गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात नऊ दिवस उशाशी कोण बसलं होतं? तेच मोडके गुडघे.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गीत झालं, वचन वाचून झालं, आणि मेजावर फडक्याखाली वासंतीची भाकर ठेवलेली असताना पाळकसाहेब म्हणाले, "आज एक बहीण साक्ष देणार आहेत." पाळकांचं नाव अमरसिंग. सेनगावकडच्या एका तांड्यातला तरुण माणूस, मनानं चांगला. चांगल्या माणसांची एक खोड असते, आपल्या हातून काही वाईट होऊ शकतं हे त्यांना सुचतच नाही.

मिराबाई उठली. वासंतीच्या शेजारीच बसली होती ती. वासंतीनं तिच्या पदराचं टोक खुर्चीत अडकलं होतं ते सोडवून दिलं.

"आठ वर्सं झाली," मिराबाई म्हणाली. "परभणीला भगिनी मेळावा व्हता. शेवटी सगळ्याजणी उठून उठून प्रार्थनेचे विषय सांगत व्हत्या. मीबी उठले. म्हणले, आमच्या वासंतीच्या संपदासाठी प्रार्थना करा. तिला फिट येती. तिचं लगीन जमून राहिलं, परभू तिला बरं करो. मुलाची आई माझ्या मागच्या रांगेत बसली व्हती. ते मला ठाव व्हतं. म्हणूनच बोलले. ते घर मला माझ्या दिपासाठी पायजे व्हतं."

खोटं बोलायचं तर लोक कानात बोलतात. मिराबाईनं ते डोळे मिटून, हात जोडून, दोनशे बायकांसमोर देवालाच सांगितलं होतं. प्रार्थनेच्या विषयाला पुरावा कोण मागतो? आमेन म्हणायचं आणि घरी गेल्यावर आणखी चार जणींना कळवायचं. संपदाला नसलेल्या आजारासाठी तीन जिल्ह्यांतल्या बायकांनी उपास धरले होते.

मिराबाई रडत होती. मागून कोणीतरी "हालेलुया" म्हणालं, दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेबांचा आवाजही भरून आला. "आज या मेजाला खरा अर्थ आला," ते म्हणाले. "वासंतीबाई, उठा. बहिणीला हात द्या."

वासंतीला आधी काही कळलंच नाही. तिनं मान वळवून लोकांकडे पाहिलं. बावीस घरांची माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडावर नवल नव्हतं. आशा होती, डोळ्यांत पाणी होतं, माया होती, पण नवल नव्हतं. एवढी मोठी गोष्ट ऐकून कोणी दचकलं नव्हतं. तेव्हा तिला कळलं, आणि मिराबाईच्या शब्दांनी जे लागलं नव्हतं ते या चेहऱ्यांनी लागलं.

"तुमाला कधीपासून ठाव हाय?" तिनं विचारलं.

पाळकसाहेब जरा अडखळले. "ऑपरेशनच्या दिवशी मिराबाईंनी माझ्याजवळ कबुली दिली. दवाखान्यातच. तुम्ही खाली नारळपाणी आणायला गेला होता तेव्हा."

"आन् मंडळीला?"

"जुलैत. आधी मंडळीच्या पंचांना विश्वासात घेतलं. मग... तुमचं मन तयार व्हावं म्हणून सगळ्यांनी मिळून प्रार्थना धरली."

"म्हंजी माझ्या पोरीवानी मीबी प्रार्थनेचा विषय झाले," वासंती म्हणाली. "सगळ्यांला ठाव. माझं मलाच ठाव न्हाई."

मिराबाईचा हात पुढे आलेला तसाच होता. वासंतीनं आपली पिशवी उचलली, आणि बावीस कुटुंबांच्या मधून, गुडघ्यांमुळे सावकाश, फार सावकाश, दारापर्यंत चालत गेली. रागानं ताडकन निघून जायची तिला फार इच्छा होती, पण तेवढंही नशिबात नव्हतं.

समेटाशिवाय मेज मांडायचं नाही म्हणून त्या दिवशीचं प्रभुभोजन पुढच्या रविवारवर गेलं. एका पंचानं दबक्या आवाजात विचारलंही, की भाकर काल भाजलेली, काल हिचं मन साफच होतं, मग चालवून घ्यायला काय हरकत आहे? पाळकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

आठवडाभर गिरणीवर रांग लागली. दळण पायलीभर, उपदेश पोतंभर. झालं गेलं गंगेला मिळालं, असं ख्रिस्ती माणसानं म्हणू नये, पण तेही एक बाई म्हणून गेली. दुसरी म्हणाली, माफ न करणाऱ्याला माफी मिळत नसते, बाई. तिसरी म्हणाली, मिराबाईचं धाडस बघा, साऱ्यांपुढं उभी राहिली. वासंती ऐकायची आणि पट्टा चढवायची, म्हणजे गिरणीच्या आवाजात पुढचं ऐकू येत नसे. मार खाल्ला तिनं आणि धाडसाचं कौतुक मारणारीचं. हात दिला नाही म्हणून आता कडू कोण, तर वासंती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बुधवारी दुपारी मिराबाई स्वतः आली. डबा नव्हता हातात. दारातल्या पोत्यावर बसली. ऑपरेशननं वाळली होती, गळ्याची हाडं दिसत होती. वासंतीला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"तू मला मार," मिराबाई म्हणाली. "पण बोल माझ्यासंगं."

"परभणीला जा," वासंती म्हणाली. तीन दिवस तिनं हेच घोकलं होतं. "त्या घरात जा. दिपाच्या सासूपुढं उभी राय, आन् रविवारी बोलली ते समदं तिथं बोल. खोटं जिथं बोलली तिथं खरं बोल. मंग देते हात."

मिराबाईनं मान खाली घातली. "दिपाचं घर मोडंल, वासंते. तिची सासू कशी हाय तुला ठाव हाय. दोन लेकरं हायेत दिपाला."

"माझ्या पोरीला एकबी न्हाई."

"मला देवानं माफ केलं. पाळकसाहेब म्हणले, आता पुन्हा पुन्हा उकरू नका."

"देवाचं काय जातंय माफ करायला?" वासंती म्हणाली. "त्याच्या पोरीचं लगीन थोडंच मोडलं व्हतं."

असं बोलल्यावर तिला स्वतःलाच भीती वाटली, पण शब्द मागे घ्यावेत असं वाटलं नाही. आठ वर्षांचं सगळं एकदम वर आलं. फिटीचा बोभाटा झाल्यावर दुसरं स्थळ आलं नाही. संपदाची तपासणी केली, डोक्याला तारा लावून पट्टी काढली, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाला, पोरगी ठणठणीत आहे. तरी वासंती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, त्याच्या हातापाया पडली, म्हणाली लग्नाची पोर आहे, काहीतरी द्या. त्यानं गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी संपदाला दिवसाढवळ्या झोप यायची. वॉर्डात उभ्या उभ्या डुलक्या खायची. प्रॅक्टिकलला सुई धरलेला हात थरथरायचा. तिसऱ्या वर्षी नर्सिंग सुटलं. आता तिशीला आली, हिंगोलीत एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवते. चर्चला तर सहा वर्षांत नाताळाशिवाय आली नाही.

"दोन वर्सं गोळ्या खाल्ल्या माझ्या पोरीनं," वासंती म्हणाली. "आजार नसतानी. तुझ्यापायी."

मिराबाई अगदी हळू म्हणाली, "गोळ्या म्या न्हाई दिल्या, वासंते."

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. टोचायला म्हटलं असतं तर वासंतीनं चार शिव्या हासडून मोकळं केलं असतं. ती एकदम उठली, "नीघ," म्हणाली, आणि मिराबाई गेल्यावर गिरणी चालू केली. त्या दुपारी तिनं एका गिऱ्हाइकाच्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी ओतली. सतरा वर्षांत अशी चूक पहिल्यांदा झाली.

शनिवारी सकाळी पाळक अमरसिंग आले. स्टुलावर बसायला नको म्हणाले, उभेच राहिले.

"कोणाविषयी मनात काही आहे का, वासंतीबाई?" नियमाप्रमाणे विचारावं लागतं, तसं त्यांनी विचारलं.

"हाय," वासंती म्हणाली. "लई हाय. तुमच्याविषयीबी हाय."

त्यांचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं ते सांगा. मला वाटलं, एकदम कानावर आलं तर तुम्हाला सहन होणार नाही."

"चार महिने तुमी मला बघून हसले. हात हातात घेऊन प्रार्थना केली. मी म्हणत व्हते गुडघ्याला फरक पडला, आन् तुमी आमेन म्हणत व्हते. येवढं विचारायचं व्हतं, तवा तुमाला हसू येत व्हतं का?"

"नाही हो," ते कळवळून म्हणाले, आणि ते खरं असावं. त्यांनी भाकरीचा विषय काढला. "मग यावेळी भाकर दुसरीकडे द्यावी लागेल. मिराबाई भाजतील. त्यांचं मन आता मोकळं आहे."

वासंती त्यांच्याकडे बघतच राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे तिनं ऐकलं होतं, पण चोरालाच संन्याशाचं काम देतात हे आज बघितलं. जिनं केलं ती पश्चात्ताप करून धुतल्या तांदळासारखी झाली, आणि जिचं झालं ती मनात धरून बसली म्हणून मेजाबाहेर. नियमात कुठं खोट काढावी हे तिला सापडेना, आणि म्हणूनच तो आणखी लागला.

"नियम मी केलेला नाही, बाई," पाळकसाहेब म्हणाले.

"व्हय," वासंती म्हणाली. "तुमी फक्त बराबर पाळला."

ते गेल्यावर तिनं गिरणीचं शटर ओढलं आणि बस स्टँडची वाट धरली. मनात एकच ठरलं होतं. संपदाला उद्या चर्चला आणायचं. बावीस घरांपुढं तिला उभं करायचं आणि म्हणायचं, हिच्याकडं बघा, आन् मंग सांगा मला माफ कर म्हणून. मंडळीनं वासंतीला फसवलं असेल, पण पोटची पोर तर आपली होती. आठवडाभरात तिला फोनवर हे सांगितलं नव्हतं. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते, असं वासंतीनं स्वतःला बजावलं होतं. बसमध्ये कळमनुरीपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य "मिरानं" या शब्दावरच सुरू होत होतं.

दोन वाजता लॅबमध्ये जेवणाची सुट्टी होती. संपदा मागच्या खोलीत डबा उघडून बसली होती. अंगात पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. आईला दारात बघून ती घाबरली नाही, उठली, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

"मिरानं केलं ते," वासंती बसायच्या आधीच म्हणाली. "तुझं लगीन. फिटीचं. मिरानं सांगितलं परभणीला, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं, आन् मंडळीला समद्यायला चार महिन्यांपासून..."

"मला माहीत आहे, आई."

वासंती तेव्हा कुठं स्टुलावर बसली.

"मावशी आली होती इथं," संपदा म्हणाली. "जुलैत. ऑपरेशनला महिनाही झाला नव्हता, बसनं आली होती. तिथंच, तू बसली तिथं बसली. सांगितलं सगळं. मी बाहेर काढलं तिला. पुढच्या आठवड्यात परत आली. परत काढलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, लॅबमधली माणसं बघत होती. चौथ्यांदा आली तेव्हा काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. मग मी चहा केला."

"चहा," वासंती म्हणाली.

"परभणीला जाऊन सांगते म्हणाली. मीच नको म्हणलं. दिपाच्या लेकरांनी माझं काय केलंय?"

"ते तिनं मला न्हाई सांगितलं."

"मीच म्हणलं होतं, माझं काही आईला सांगू नको."

बाहेर कोणीतरी रिपोर्ट मागायला आलं आणि सुट्टी आहे कळल्यावर गेलं. वासंतीला वाटलं, आता कोणीच उरलं नाही. मैत्रीण गेली, पाळक गेले, मंडळी गेली, आणि जिच्यासाठी हे सगळं भांडण अंगावर घेतलं तीसुद्धा तिकडचीच निघाली. तिचा आवाज फुटला. "मला काहून न्हाई सांगितलं? मी तुझी आई हाय. ज्यानं त्यानं मला अंधारात ठेवलं, तूबी ठेवलं?"

"मी वाट बघत होते," संपदा म्हणाली.

"कशाची?"

संपदानं पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "तुला कळल्यावर तू आधी कोणाकडं जातीस याची. रविवारी कळलं तुला, व्हय ना? मावशीनं फोन केला होता मला. आज शनिवार आहे."

वासंतीनं पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

"आणि आलीस ते मावशीचं सांगायला आलीस." संपदा रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मावशीनं लोकांना खोटं सांगितलं, आई. लोकांनी ते मानलं, त्यांचं काय, ते मला ओळखत नव्हते. तू ओळखत होतीस. रोज संध्याकाळी मी तुला म्हणायचे, मला काही होत नाही, आई, मला काही झालेलं नाही. तू पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहायचीस. गोळी गिळली का बघायला माझं तोंड उघडून बघायचीस. दोन वर्षं."

"तुझ्या भल्यासाठी..." वासंतीनं सुरू केलं आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. पट्टीत काही निघालं नव्हतं. डॉक्टर ठणठणीत म्हणाला होता. मिरानं एकदाच खोटं सांगितलं, एका दुपारी, एका मेळाव्यात. ते रोजच्या रोज खरं करायचं काम कोणी केलं होतं? नऊ वर्षं दर महिन्याला पाळक दारात येऊन विचारायचे आणि ती छाती काढून "न्हाई" म्हणायची. कोणाविषयी मनात काही आहे का, एवढंच विचारायचे ते. कोणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मावशीला तू माफ केलंस," ती म्हणाली.

"केलं. ती आली म्हणून. चार वेळा आली."

वासंतीनं स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही, ती परत बसली. जुळवून आणलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. "चुकलं माझं, संपे," ती म्हणाली. "तुझं ऐकायला पायजे व्हतं. मी न्हाई ऐकलं. चुकलं माझं."

संपदानं डबा बंद केला. तिचे डोळे भरले होते, पण ती आईजवळ आली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिनं कोटाची बटणं लावली.

"माफ केलंस का मला?" वासंतीनं विचारलं.

"नाही," संपदा म्हणाली. "अजून नाही." दारापाशी जाऊन ती थांबली. "पण पुढच्या शनिवारी ये. दोन वाजता मी मोकळी असते."